ढोलीतली बाळंतीण

नाचणगावच्या आमच्या घरात, भिंतीतल्या कोनाड्यात एक पितळी डबी असायची. आजीच्या त्रिफळा चूर्णाची. आवळकाठी, हिरडा आणि बेहडा ती पुलगावच्या बाजारातून आणायची, उन्हात वाळवायची, खलबत्त्यात कुटायची आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून वस्त्रगाळ करायची. आवळा आम्हा पोरांच्या ओळखीचा. हिरडाही, कारण धाकट्या भावंडांच्या घुटीत तो उगाळला जाई. बेहडा मात्र नुसता नावापुरता. त्याचं झाड पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आजीचंच बोट धरून होतो, आणि तिनं मला त्याच्या सावलीत टेकू दिलं नाही. "चाल बाबू, बेहड्याखाली बसू नोको," एवढंच म्हणाली.

कारण पुढे नळाच्या आख्यानात सापडलं. द्यूतात राज्य गमावलेला नळ ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन विदर्भाकडे रथ हाकत असतो. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण उभ्या उभ्या त्याची पानं-फळं मोजून दाखवतो, फाशांची विद्या नळाला देतो, आणि त्याच क्षणी नळाच्या अंगातला कली बाहेर पडून त्या झाडात शिरतो. तेव्हापासून बेहडा बदनाम झाला. तो रथ निघाला होता दमयंतीच्या माहेरी, कुंडिनपूरला. आपल्याकडे सगळे मानतात की ते आजचं कौंडण्यपूर. आमच्याच वर्धा नदीच्या काठचं. तिथून वाहत आलेलं पाणी पुढे पुलगावच्या पुलाखालून जातं. प्राचीन काळी जुगाराचे फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत. जुगार माणसांनी खेळला आणि डाग झाडाला लागला.

हा लेख त्या बदनाम झाडाचा आहे, आणि त्याच्या पोटात वाढणाऱ्या एका पक्ष्याचा.

* * *

ढोलीत राहणाऱ्या पक्ष्याशी माझी ओळख गावातच झाली. शिवाराच्या कडेला एक जुनी चिंच होती. चैत्रातल्या एका सकाळी तिच्या बुंध्यापाशी एक राखाडी, लांब शेपटीचा पक्षी आला. चोच वाकडी आणि चोचीवर छोटं शिंग. त्यानं गळा हलवला, चोचीच्या टोकावर उंबराचं एक फळ आलं, आणि ते त्यानं लाकडातल्या एका फटीत सरकवलं. मग दुसरं. मग तिसरं. आतून दुसऱ्या चोचीचं टोक दिसत होतं आणि फळ गायब होत होतं. तो राखी धनेश होता. वर्धा जिल्ह्यात जिथे जिथे जुनी मोठी झाडं उरली आहेत, तिथे तो अजून दिसतो.

धनेशाच्या संसाराची रीत पाखरांच्या जगात वेगळीच. विणीचे दिवस आले की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. कधी विष्ठेनं, कधी फळांच्या चोथ्यानं. काही जातींत नर चिखलाच्या गोळ्या आणून देतो. उरते एक उभी, अरुंद फट. त्या फटीतून नर तिला भरवतो. आत ती अंडी घालते, उबवते, आणि त्याच अंधारात उडण्याची पिसं गाळून नवी आणते. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना खोलीत ठेवायची पद्धत होती, पण धनेशाच्या मादीचं बाळंतपण त्याहून लांबतं. महाधनेश ही धनेशाची मोठी जात, तिच्या घरट्यात आत शिरण्यापासून पिल्लू उडेपर्यंत चार महिन्यांच्या आसपास जातात. मादी पिल्लाच्या आधी बाहेर येते, आणि पिल्लू चोचीनं दार पुन्हा लिंपून घेतं. तोवर नराला काही झालं, तर आतल्यांचं अन्न तिथेच थांबतं.

पण धनेशाला ढोली पाडता येत नाही. चोच केवढीही असली तरी ती सुताराची नाही. फांदी मोडलेली जागा कुजते, सुतार पक्षी तिथे टोचा मारतो, बुरशी आणि पावसाचं पाणी वर्षानुवर्षं आत काम करत राहतं, तेव्हा कुठे एका पक्षिणीला मावेल एवढी पोकळी तयार होते. त्यासाठी झाड आधी तेवढं जाड हवं. म्हणजे माणसाच्या दोन-तीन पिढ्या जाव्या लागतात.

आमची ती चिंच रस्त्याच्या कामात गेली. ज्या दिवशी तोडली त्या दिवशी मी गावात नव्हतो. नंतर गेलो तेव्हा बुंध्याच्या जागी मुरूम पसरलेला होता. चैत्रात धनेशाची जोडी त्या जागेवरून दोनदा-तीनदा घिरट्या घालून गेली.

* * *

आमच्या देवळी तालुक्यातून एक मोठा महामार्ग जातो. त्याचं दुसरं टोक रत्नागिरीला, मिऱ्या बंदरात आहे. कोकणात त्याला मिऱ्या-नागपूर महामार्गच म्हणतात. वर्ध्याहून यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर करत तो आंबा घाटातून खाली उतरतो. मार्च महिन्यात मी या रस्त्यानं निघालो. महाधनेश पाहायचा होता आणि तो ज्यात घरटं करतो तो बेहडाही पाहायचा होता.

कपाशीची काळी रानं, मग तुरीची, मग उसाची. मलकापूर सोडलं आणि गाडीच्या खिडकीतून येणारी हवाच बदलली. आमच्या वर्ध्याला वर्षभरात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्रीच्या माथ्यावर, आंबोलीसारख्या ठिकाणी, तो सात हजारांपर्यंत जातो. एवढं पाणी चार महिन्यांत पिऊन उरलेले आठ महिने हिरवं राहणारं हे रान. जगात ज्याला उष्णकटिबंधीय वर्षावन म्हणतात, त्याची पश्चिम घाटातली उत्तरेकडची कडा आपल्या महाराष्ट्रात आहे. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतल्या कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी या चार आपल्या आहेत.

पण आंबा घाट उतरून साखरप्याकडे आणि तिथून देवरुखकडे वळलं की वेगळी गोष्ट कळते. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातलं जंगल अगदी थोडं आहे. डोंगरउतारावर दिसणारी झाडी कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असते, नाहीतर देवाच्या नावावर. एकाच उताराचे वीस वाटेकरी, त्यातले पंधरा मुंबईत. लाकडाचा ठेकेदार येतो, उभ्या झाडीचा ठोक भाव करतो, करवती चालतात, आणि पावसाळ्याआधी डोंगर बोडका होतो. लाकूड भट्ट्यांना आणि कारखान्यांना जळण म्हणून जातं. मग त्या जागी काजू, कलमं, आणखी दक्षिणेला रबर. जमीन हिरवीच राहते, पण तिच्यात ढोली धरेल असं खोड उरत नाही. अभयारण्याची हद्द आखून हे थांबत नाही, कारण हे जंगल अभयारण्यात नाहीच.

झाडतोडीचा आपला १९६४ चा कायदा काही झाडांना संरक्षण देतो. त्या अनुसूचीत साग आहे, आंबा-फणस आहे, ऐन-किंजळ आहे, हिरडाही आहे. बेहडा नाही. कलीनं सोडला तरी कागदानं त्याला जवळ केलं नाही.

* * *

संगमेश्वर तालुक्यातल्या ज्या गावात मी थांबलो त्याचं नाव लिहीत नाही. घरट्याचा पत्ता छापायचा नसतो. पहाटे गावच्या गुरवांबरोबर देवरहाटीत, म्हणजे देवराईत, गेलो. वेशीवर त्यांनी चपला काढल्या, मीही काढल्या. आत पाऊल टाकताच पायाखालचा पाचोळा ओला लागला. बाहेर फाल्गुनाचं ऊन तापायला लागलं होतं. या राईतली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा गावचा नियम. झाड तोडणं भागच पडलं, तर आधी देवाला कौल लावायचा, आणि देव सहसा कौल देत नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या अशा राया हिंडून त्यांच्या नोंदी केल्या. त्या नोंदींमुळे शहरातल्या अभ्यासकांना कळलं की, सरकारनं न राखलेलं जुनं रान इथे देवाच्या धाकानं राखलं गेलं आहे.

राईच्या मधोमध बेहडा उभा होता. आजीनं ज्याच्याखाली बसू दिलं नाही त्या झाडाशी माझी इतक्या वर्षांनी गाठ पडली. सरळ, करडं खोड. दोघांनी हात पसरले तरी कवेत येईना. बरंच वर, एक फांदी कधीकाळी मोडली असावी तिथे, ढोलीचं तोंड होतं आणि ते लिंपलेलं होतं. आम्ही लांब, एका किंजळीच्या आड बसलो. बोलायचं नाही, हलायचं नाही.

आधी आवाज आला. महाधनेशाच्या पंखांतून हवा जाते तेव्हा वाफेचं इंजिन दम टाकत यावं तसा घरघराट होतो. मग तो दिसला. चार फुटांच्या जवळपास लांबी, काळ्या पंखांवर पांढरा-पिवळा पट्टा, डोक्यावर पिवळ्या शिंगाचा मुकुट. कोकणात कित्येक ठिकाणी याला गरुडच म्हणतात. तो फांदीवर बसला, मान वाकडी करून चारी बाजू पाहिल्या, आणि खोडाला बिलगला. गळ्यातून एकेक फळ वर काढून फटीत देऊ लागला. मी मोजत होतो. विसाच्या पुढे मोजदाद चुकली. नाचणगावच्या चिंचेवर पाहिलेला तोच प्रकार, फक्त कितीतरी मोठा.

तो उडून गेल्यावर गुरवांनी खालचा पाचोळा काठीनं हलक्या हातानं बाजूला केला. फटीतून बाहेर टाकलेल्या बियांतून रोपं उगवली होती. वड, उंबर, नांद्रुक, रानजायफळ यांची फळं धनेश गिळतात आणि बिया मैलोन्‌मैल लांब नेऊन टाकतात. मोठ्या बियांची फळं गिळू शकणारे पक्षी फार थोडे. मलबारी कवड्या धनेश तर काजऱ्याच्या फळातला गरही खातो. त्या झाडाचं बी माणसाला विष. धनेश गेला तर ही झाडं उभी राहतील, फळतील, पण त्यांची पोरं आईच्याच सावलीत पडून कुजतील. ढोलीची परतफेड धनेश रान पेरून करतो.

महाराष्ट्रात धनेशाच्या चार जाती आहेत: महाधनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि आपल्या गावशिवारातला राखी धनेश. महाधनेशाला २०१८ पासून संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत 'असुरक्षित' ठरवलं गेलं आहे. अंडी एक किंवा दोन, आणि जोडीच्या पदरात वर्षाला बहुधा एकच पिल्लू. पक्षी मात्र दीर्घायुषी. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत १८९४ मध्ये कारवारहून तीन महिन्यांचा एक महाधनेश आणला होता. विल्यम त्याचं नाव. तो सोसायटीच्या कचेरीत २६ वर्षं जगला आणि १९२० मध्ये मेला, तारेचा तुकडा गिळल्यामुळे असं म्हणतात. संस्थेच्या बोधचिन्हावर धनेश आला तो त्याच्यामुळे, आणि तिच्या इमारतीचं नाव हॉर्नबिल हाउस. इतकं जगणारा आणि इतका सावकाश वाढणारा पक्षी एका झटक्यात दिसेनासा होत नाही. झाडं गेल्यावरही जोड्या वर्षानुवर्षं दिसत राहतात, आणि आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे. पिल्लं नाहीत हे लक्षात येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

* * *

देवाचा धाक राईपुरता असतो. राईबाहेरच्या बेहड्यांचं काय?

या प्रश्नाला पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशननं एक उत्तर शोधलं. अर्चना गोडबोले आणि जयंत सरनाईक यांची ही संस्था उत्तर सह्याद्रीतल्या खासगी जंगलांत आणि देवरायांत १९९४ पासून काम करते. त्यांच्या ध्यानात आलं की धनेश ज्या जुन्या बेहड्यांत घरटी करतात, ती झाडं मालक जळणासाठी विकतात, कारण उभ्या झाडापासून त्याला काही मिळत नाही. आणि त्याच बेहड्याचं फळ मात्र जगभर त्रिफळासाठी विकलं जातं. मग फळालाच भाव मिळवून द्यायचा. रानातली वनस्पती नीट राखून, न्याय्य मोबदल्यात गोळा केली जाते की नाही हे तपासणारं 'फेअरवाइल्ड' नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. संस्थेनं गावकऱ्यांबरोबर काम करून बेहडा आणि हिरडा या फळांना २०१५ मध्ये ते प्रमाणपत्र मिळवून दिलं. इंग्लंडमधली पक्का हर्ब्ज ही कंपनी खरेदीदार झाली. झाड तोडायचं नाही, फांद्या ओरबाडायच्या नाहीत, सगळं फळ झाडून न्यायचं नाही, घरट्यांवर लक्ष ठेवायचं, आणि त्याबद्दल बाजाराहून बरा भाव. हिरड्यासाठी भीमाशंकरच्या परिसरातले महादेव कोळीही या कामात जोडले गेले.

हिशेब एका शेतकऱ्याला समजेल इतका साधा आहे. ठेकेदार झाडाचे पैसे एकदाच देतो. उभा बेहडा दर हिवाळ्यात फळ देतो. ज्या घरात ते पैसे येतात, त्या घरातली माणसं झाडाकडे बघण्याची रीत बदलतात.

देवरुखची सह्याद्री संकल्प सोसायटी दुसऱ्या बाजूनं हात लावते आहे. संगमेश्वर तालुक्यातल्या ढोल्यांची नोंद ठेवणं, धनेशाला लागणाऱ्या फळझाडांची रोपं वाढवणं, गावोगावी धनेशमित्र तयार करणं. शेजारच्या चिपळूणला भाऊ काटदरे यांच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेनं वेळासच्या किनाऱ्यावर कासवांसाठी जे केलं, त्याची आठवण येते: राखणदार गावातलाच हवा.

हे शहाणपण आपल्याकडेच आहे असं नाही. थायलंडच्या दक्षिणेला बुडोच्या डोंगरात पिलाई पूनस्वाद या संशोधक बाईंनी धनेशाची पिल्लं चोरून विकणाऱ्यांनाच घरट्यांचे राखणदार केलं आणि त्यांच्या पगारासाठी शहरातल्या लोकांना घरटी दत्तक दिली. अरुणाचलात पक्केच्या जंगलाकडेला न्यिशी समाजातली माणसं २०११-१२ पासून तशाच योजनेत ढोल्यांवर पहारा देतात. पूर्वी याच समाजात पुरुषाच्या टोपीवर धनेशाची चोच लागे. आता बरेच जण फायबरची लावतात. पक्षीही राहिला आणि टोपीही. आपल्याकडे धनेशाच्या चरबीचं तेल सांधेदुखीवर म्हणून रस्त्याकडेला विकणारे मी स्वतः पाहिले आहेत. त्या तेलानं कुणाचे गुडघे बरे झालेले पाहिले नाहीत.

* * *

परत येताना तोच रस्ता. देवळीला उतरलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. रुंद झालेल्या रस्त्याच्या कडेला कंबरेएवढी रोपं जाळीत उभी होती. रोपं लावणाऱ्या हातांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. आपल्या राज्यानं २०१९ मध्ये ३३ कोटी झाडं लावण्याचा संकल्प केला होता. पण त्यातलं प्रत्येक रोप जगलं तरी या शतकाच्या अखेरीपर्यंत त्यात धनेशाची मादी बसेल अशी ढोली मिळणं कठीण. ज्या झाडात ती आजच आहे, ते राखायला ना खड्डा खणावा लागतो, ना टँकर लागतो. लागते ती फक्त नोंद, आणि तोडायच्या आधी कुणीतरी विचारण्याची पद्धत. कोकणातला कौल हेच तर करतो.

२०२१ मध्ये शासनानं पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना 'वारसा वृक्ष' म्हणून संरक्षण द्यायचं ठरवलं, पण तो कायदा नागरी भागाचा. आमचं नाचणगाव ग्रामपंचायतीचं. आपल्यासारख्या गावांसाठी दुसरं साधन आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्या वहीत गावातलं प्रत्येक ढोलीचं झाड लिहिता येतं: कुठे आहे, कुणाच्या बांधावर आहे, आत कोण राहतं. चैत्रात धनेश, नीलपंख, पोपट, पिंगळा. वर्ध्यात २०१८ मध्ये बहार नेचर फाउंडेशननं पक्ष्यांची निवडणूक घेतली तेव्हा लोकांनी नीलपंखाला शहराचा पक्षी म्हणून निवडून दिलं. तोही ढोलीतच अंडी घालतो. मत दिलं, आता घरही द्यायला हवं.

मी सुरुवात केली आहे. शाळेतली सहा पोरं आणि मी, रविवारी सकाळी शिवारातून फिरतो. जुन्या झाडांच्या बुंध्याचा घेर सुतळीनं मोजतो, ढोली दिसली की लांबून पाहतो, वहीत लिहितो. झाडमालकाच्या घरी जाऊन चहा पितो आणि सांगतो की तुमच्या निंबात अमुक पक्षी राहतो. बहुतेकांना ते माहीत असतं. कुणी विचारलेलं नसतं, एवढंच.

कोकणातून येताना गुरवांनी मूठभर बेहडे माझ्या पिशवीत टाकले होते. त्यातले काही मी आजीच्या जुन्या खलबत्त्यात कुटले. आवळकाठी, हिरडा घालून डबी भरली. उरलेले पावसाळ्यात परसात लावले. दोन उगवले आहेत. त्यांच्यात पक्षीण बसेल तेव्हा मी नसेन, आणि माझ्याबरोबर सुतळी धरणारी ही पोरंही म्हातारी झालेली असतील. तोवर तिला बांधावरच्या जुन्या झाडांतच दिवस काढायचे आहेत. गेल्या रविवारी आमच्या वहीत सतरावं झाड चढलं.